स्वयंपाकघरातला फोन

— नाही नाही, ताई, तो राउटर बंद करून परत चालू करायला सांगू नका. केलंय. तुमच्या आधी जे बोलले त्यांनी करायला लावलं, त्यांच्या आधीच्यांनी पण करायला लावलं, बटण झिजलं असेल त्याचं. मी सरळ सांगतो काय होतं ते — घरातला फोन उचलला की इंटरनेट जातं, ठेवला की येतं. संपलं. हां, आत्ता मी मोबाइलवरून बोलतोय — घरचा फोन तुम्ही उचलून बघायला सांगणार ना, तोच अडकवून ठेवला तर तुम्हाला काय सांगणार, कपाळ? आणि एक आधीच सांगून ठेवतो, मला तारा शिकवायला जाऊ नका. मी टेलिफोनचाच माणूस आहे. लाइनमन होतो. या भागातल्या निम्म्या घरांत फोन मी पोचवलाय, खांबावर चढून, भर उन्हात — लोक खाली उभे राहून विचारायचे, आला का हो आवाज? तेव्हा जोड कुठे द्यायचा आणि कुठे नाही, हे मला विचारायचं असतं. नाही, चिडलो नाही. माझा आवाजच तसा आहे. बोला तुम्ही.

फोन किती? दोन. एक इथे हॉलमध्ये, राउटरला लागून, आणि एक स्वयंपाकघरात. कनेक्शन एकच, दुसरा त्याच्यावरूनच ओढलाय — मीच ओढलाय, दुसरं कोण? दाराच्या चौकटीवरून नेलीय तार, पट्टीच्या आतून, एक खिळा दिसणार नाही तुम्हाला. बायकोसाठी केलं ते. तिची बहीण रोज संध्याकाळी फोन करते — करायची — आणि ही हातातलं टाकून हॉलकडे धावायची, तिकडे दूध उतू. म्हटलं, थांब, तुला ओट्यापाशीच फोन देतो, बोल काय बोलायचंय ते. काय खूश झाली होती! मान वाकडी करून रिसीव्हर खांद्यात धरायचा आणि मटार सोलत बसायचं, बोलणं संपेपर्यंत टोपलं भरायचं. मोबाइल? नाही हो, मोबाइल तिला चालत नाही, कानात मशीन आहे, मोबाइल जवळ नेला की शिट्टी वाजते. तो जुना जाड रिसीव्हरच लागतो तिला. बहिणीचंही तेच — दोघींचे कान एका वेळी गेले, गप्पा मारून मारून — असं मी म्हणायचो. चेष्टेत म्हणायचो.

प्रत्येक वेळी जातं का? आता कसं बरोबर विचारलंत! नाही जात. तीच तर गंमत आहे — मी बोललो तर जात नाही, ती बोलली की जातं. हसू नका, खरंच सांगतो. मी इथून भावाशी बोललो, प्लंबरशी भांडलो, चांगलं अर्धा तास भांडलो — राउटरचा दिवा हिरवाच. तिने आत नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की झाला लाल. मग माणूस काय समजणार? मी म्हटलं, तू इतकं बोलतेस की लाइन दमते. लाइन दमते! लाइनमनने म्हणायचं हे... तेही चेष्टेतच म्हटलं होतं. पहिल्यांदा.

इंटरनेटवर काय काम असतं म्हणजे? असतं. महत्त्वाचं असतं. बँकेचं असतं, बिलं असतात, मुलगी परगावी आहे, ती व्हिडिओवर — नाही, ती रविवारी सकाळी. संध्याकाळचं — तुम्हाला खरंच लिहायचंय का हे? बुद्धिबळ. बुद्धिबळ खेळतो मी. कोण कुठला माणूस असतो समोर, नाव नाही, गाव नाही, पण एकदा डाव रंगला ना — आणि नेमका प्रतिपक्षाचा वजीर कोंडीत सापडला की आतून ‘हॅलो’. नेट गेलं तरी आपलं घड्याळ तिकडे चालूच राहतं, वेळ संपली की हरलात. मी हरलो म्हणून धरतात हो! न चुकता! तुम्ही नाही खेळत, तुम्हाला नाही कळायचं ते.

बरं, सांगा. हॉलमधला फोन उचलू? उचलला. टोन आहे. दिवा — हिरवा. म्हटलं ना मी. आता स्वयंपाकघरातला? अहो, पण मी तिकडे गेलो तर इथला दिवा कोण बघणार? दुसरं कोणी — आहे ना, बायको आहे, आतच आहे. पण ती नाही उचलणार. ऐकू येतं तिला, तसं नाही. ती हातच लावत नाही फोनला. वाजला तरी नाही. मग मी इथून उचलतो, आणि बहीण असली की मी म्हणतो, ती बाहेर गेलीय. काय म्हणू दुसरं? मग बहिणीनेही सोडलं फोन करायचं.

काही झालं नाही. घरात होतं तेवढंच. मी म्हटलं होतं, दोन मिनिटं बोलायचं, जास्त नाही. दोन मिनिटांत काय होतं — कशी आहेस, बरी आहे, खोकला गेला का. मी दारात जाऊन उभा राहायचो, घड्याळावर बोट आपटायचो, असं टक् टक्. आणि एकदा — एकदाच हं, ताई — डाव असा हातात आलेला, दिवा लाल झाला, आणि मी उठलो, आत गेलो आणि फोनवरचं ते बटण असतं ना, रिसीव्हर ठेवतो त्याच्याखालचं, ते बोटाने दाबलं. ती बोलत होती. म्हणजे ती ऐकत होती, बहीण बोलत होती. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगत होती. वाक्याच्या मध्येच. हिने तो रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला, जरा वेळ, आणि माझ्याकडे बघितलं — ओरडली असती तर बरं झालं असतं हो. तिने हात पुसला आणि कणीक मळायला घेतली. मी परत येऊन बसलो. खेळलो पण. दुसरा डाव.

काय? कॉल रेकॉर्ड होतोय? मग हे मागचं पुसता येतं का? नाही... बरं.

तक्रार आत्ताच का केली म्हणता? नाही, तुमचं बरोबर आहे, इतके दिवस होतं तर इतके दिवस का नाही केली. ती संध्याकाळी पाय मोकळे करायला जाते खाली. मला वाटायचं, बागेत जाते. परवा तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मला जिन्यात गाठलं, म्हणाल्या, तुमच्याकडचा फोन कधी दुरुस्त होणार हो, बिचाऱ्यांना रोज माझ्याकडच्या जुन्या फोनवरून बहिणीशी बोलावं लागतं, माझ्या मशीनच्या आवाजात त्यांना ऐकूही येत नाही धड. फोन बिघडलाय म्हणून सांगितलंय तिने. माझ्या घरातला फोन! लाइनमनच्या! आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, हो, बिघडलाय, कंपनीवाले लक्ष देत नाहीत. तुमच्यावर ढकललं. तोंड वर करून.

कुठली डबी? फिल्टर? हो, ती पांढरी, चपटी, आहे ना हॉलमधल्या फोनला. दुसरी पण दिली होती राउटर लावायला आलेल्या माणसाने. स्वयंपाकघरात लावायला निघाला तर मीच म्हटलं, राहू दे, माझ्या लाइनला असली खेळणी लावायची नाहीत. मधे जोड घातला की आवाज पडतो — त्याला ऐकवलं मी हे, चांगलं खुर्चीवर बसवून ऐकवलं, चहा पाजून. ती खणात आहे. प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नाही — आहे, ही बघा, हातात आहे माझ्या. का?

सांगा, ऐकतोय.

म्हणजे एकाच तारेवरून बोलणं आणि नेट दोन्ही जातं, ते एकमेकांत मिसळू नये म्हणून प्रत्येक फोनला वेगळी डबी लागते. मी हॉलमधून बोलायचो, इथे डबी आहे. ती तिथून बोलायची, तिथे नाही. एवढंच? ती बोलली म्हणून जात नव्हतं. कोणीही बोललं असतं तरी... मी जरी एकदा आत जाऊन उचलला असता तरी मला कळलं असतं. उचललाच नाही कधी. तो तिचा फोन ना. अहो, खांबावर असताना आम्ही पहिलं तेच करायचो — बिघाड आहे तिथे जाऊन स्वतः कानाला लावून बघायचं. शिकाऊ पोरालाही कळतं ते.

थांबा, लावतो. आत आलोय. सरक गं जरा — काही नाही, कंपनीच्या ताई आहेत फोनवर. हे बघ, ही डबी बसवायची राहिली होती. माझ्याकडूनच. बसली. अगं, ऐक ना, बहिणीला फोन लाव. आत्ता. नाही, डाव चालू नाही. खरंच नाही. बंद केलंय सगळं. ताईंना बघायचंय — नाही, ताईंना नाही, मला बघायचंय. तू लाव, मी जातो इथून. दारात नाही थांबत.

आलो हॉलमध्ये. धरा हं, ताई, ठेवू नका. डायल करतेय. हिरवा आहे. लागला वाटतं. ‘मी बोलतेय.’ हिरवाच आहे, ताई! हलला नाही! ‘अगं, घरून. नाही, घरूनच... हो...’ हसली. ऐकू आलं तुम्हाला? हसली ती. ‘मग गोळ्या बदलल्या का? ...बरं. बरं, ऐक, ठेवते हं. ठेवते आता, ह्यांचं काम असेल.’

ठेवला.

ठेवला हो तिने. दिवा हिरवा आहे, मी बघतोय, एकदाही गेला नाही. मी काही म्हटलं नाही, तुम्ही साक्षी आहात, मी इथे उभा होतो, घड्याळही नाही हातात माझ्या —

काय? हो. इंटरनेट चालू आहे. हो, लिहा, तक्रार मिटली. नाही, आणखी काही मदत नको. तुमच्याकडून नको. ठेवा आता.