खणात बांधलेले एक्कावन्न रुपये

मी मंजुळाबाई सदाशिव अहिरे, वय ४६ वर्षे, धंदा हॉटेलात भांडी घासणे, मूळ राहणार ता. साक्री, जि. धुळे, हल्ली राहणार हॉटेलची खोली, आमली, सिल्वासा. आज दि. ८/२/१९९४ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

मी आमलीत रमाकांतशेठ यांच्या हॉटेलात नऊ वर्षे कामाला आहे. गिऱ्हाइकाने दिलेली टीप काउंटरवरच्या डब्यात टाकायची आणि शनिवारी ती सगळ्यांत वाटायची, अशी तिथली पद्धत आहे. वाटा मिळाला की मी वहीत अंगठा करते. टीप खिशात ठेवली तर कामावरून काढतात.

भिका हा आमच्याच भागातला, तिथे वेटर होता. एप्रिल १९९२ मध्ये तो चैत्राच्या यात्रेला वणीला पायी जाणार होता. ज्याला जाता येत नाही तो जाणाऱ्याच्या हाती देवीची ओटी देतो. वापीचे एक नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. त्यांनी हिरव्या खणात एक्कावन्न रुपये बांधून भिकाला दिले आणि "माताजीना चरणे मूकजे", म्हणजे देवीच्या पायाशी ठेव, असं म्हणाले. मी मोरीत होते. मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं.

देवीचा पैसा डब्यात कोण टाकेल? संध्याकाळी शेठनी पिशव्या तपासल्या, गाठ सापडली, आणि टीप लपवली म्हणून भिकाला हाकलला. टीप कोणी खणात बांधून देतं का हो? हवालदारसाहेब म्हणतात, बाई, जबाबात प्रश्न विचारायचे नसतात. तरी हा लिहा.

त्या वेळी मी गप्प बसले. डोक्यावरचं छप्पर हॉटेलचं आहे. ते माझं चुकलं.

त्याच आठवड्यात, शनिवार दि. ११/४/१९९२ रोजी शेठ सुटा कागद घेऊन मोरीत आले. वही बाइंडिंगला दिली आहे, यावर कर, म्हणाले. माझे हात राखेचे होते. पदराला पुसले आणि अंगठा दिला. मला वाचता येत नाही, पण कोरा कागद कोरा दिसतो. भिका रोज टीप चोरतो हे मी पाहिलं, असं त्यावर मागाहून लिहिलं. त्या कागदावर कामगार कोर्टाने त्याला काढणं बरोबर ठरवलं. मला हे गेल्या महिन्यात कळलं, भिकाच्या वकिलाने वाचून दाखवलं तेव्हा. तो आता सायली गावात एका कंपनीत गोण्या उचलतो आणि लोक त्याला चोर म्हणतात. माझ्या अंगठ्याने! अंगाची नुसती आग होते साहेब.

त्याने फेरविचाराचा अर्ज केला आहे. दि. १० रोजी तारीख आहे आणि माझी साक्ष आहे. काल दि. ७ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास शेठ माझ्या खोलीवर आले. म्हणाले, "कागदावर आहे तेच कोर्टात बोलायचं." मी म्हटलं, "कागद तुमचा, तोंड माझं." तेव्हा म्हणाले, "मग खोली खाली कर. नाहीतर चमचे चोरले म्हणून तुला आत टाकतो." त्यांनी पेटत्या स्टोव्हला लाथ मारली. भात सांडला, माझा डावा पाय भाजला. मी त्यांना शिवी दिली. ती लिहिता येत नाही असं सांगतात. मग मोठ्याने दिली एवढं लिहा. शेजारच्या दुर्गाने सगळं ऐकलं आहे.

खोली गेली तरी मी परवा कोर्टात जाणार आहे. तोवर माझ्या जिवाला काही झालं तर रमाकांतशेठना धरावं. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे.

हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. मी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. शेवटच्या ओळीखाली चार बोटं जागा कोरी राहिली होती, तिच्यावर हवालदारसाहेबांकडून आडवी रेघ मारून घेतली. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे. आता अंगठा करते.