काकडीचा डबा

कारखान्याच्या दवाखान्यात तास होत आला, तरी डॉक्टरांचा पत्ता नव्हता. आमचा वेळ फुकटचाच! शेजारी एक आडदांड क्रेनवाला नुकताच वजनकाट्यावरून उतरून बायकोजवळ बसला होता.

"महिनाभर काकडी, टोमॅटो, मोड आलेले मूग खाऊन दोन किलो वाढलात?"

"उन्हाळा आहे गं. पाणी जास्त जातं पोटात."

"पाण्यानं ढेरी सुटते होय? वजन उतरलं नाही तर क्रेनवरून उतरवून गोदामात बसवणार आहेत तुम्हाला."

"माहीत आहे. वीस वर्षं वर बसलोय. खाली जीव गुदमरेल माझा."

"काल तुमच्या वेल्डर दोस्ताची बायको भेटली."

"बरं, मग?"

"मला विचारते, वहिनी, काकडीत पुदिना किती घालता? आमच्या ह्यांना तुमचा डबा फार आवडतो. पँट सैल झालीय म्हणे त्यांची."

"ती जरा जास्तच बोलते."

"पहाटे उठून चिरायचं मी, आणि बारीक होणार वेल्डर!"

"अगं, त्याच्या डब्यात रोज काहीतरी तळलेलं असतं. वास आला की राहवत नाही. डॉक्टरांकडे अजून एक महिना मागू. उद्यापासून डबा बदलणार नाही, तुझी शपथ."

"बदला की, खुशाल बदला. उद्यापासून तिच्याही डब्यात काकडीच आहे. पुदिना किती घालायचा, ते सांगून आलेय मी."