मेलेल्या माणसाने हसायचे असते

नाव: कयलविळी सौंदरराजन, वय २७ वर्षे, शिक्षण: इलेक्ट्रॉनिक्स पदविका, धंदा: चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, राहणार सालिग्रामम, चेन्नई.

आज स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगते की, सुपारी घेऊन भलत्याच माणसांना मारत सुटलेल्या एका खुन्याच्या विनोदी तमिळ चित्रपटावर मी चार महिने काम करत आहे. ११ तारखेला रेडहिल्स येथील बंद राइस मिलमध्ये चित्रीकरण होते. सुडलैमुत्तू, वय ५१, मारामारीच्या दृश्यांतील कलाकार, यांना गोळी लागून माळ्यावरून खाली रचलेल्या रिकाम्या खोक्यांवर पडायचे होते. उंची अठरा फूट. पडताना "अरे, मी नव्हे, शेजारचा!" असे ओरडायचे होते. त्यासाठी त्यांच्या शर्टाच्या आत मी छोटा माइक लावला होता.

दोन टेक झाले. तिसऱ्याआधी दबलेली खोकी बदलली नाहीत. जेवणाची वेळ टळली होती. सुडलैमुत्तू वरून म्हणाले, "मास्तर, खाली नुसता पापड झालाय." फाइट मास्तर म्हणाले, "मुत्तू अण्णा, तुम्ही आजवर काय कमी पापड मोडलेत? या खाली." सगळे हसले. टेक १.५२ ला झाला.

आमच्याकडे पडद्यावर मेलेल्या माणसाने कॅमेरा बंद होण्यापूर्वी त्यात बघून हसायचे असते. नाहीतर अपशकुन मानतात. ते झाल्याखेरीज जेवणाची सुटी होत नाही. सुडलैमुत्तू खोक्यांतच पडून होते. दिग्दर्शक म्हणाले, "अण्णा, हसा की! सांबार निवतंय." ते हसले. सहा सेकंद. टाळ्या झाल्या आणि लोक जेवायला गेले.

माझे यंत्र चालू होते. हेडफोनमध्ये सुडलैमुत्तू हळू म्हणाले, "पोरी, ऐकतेस ना? छातीत काहीतरी मोडलंय. बोलू नकोस कुणाला. परत खोकी रचत बसतील, सगळे उपाशी आहेत." त्यांचे बोलणे मला त्या वेळी ऐकू आले. श्वासाबरोबर ओला आवाज येत होता. मी यंत्र बंद केले. नोंदवहीत "कपडा घासल्याचा आवाज" असे लिहिले. माइक काढायला गेले तेव्हा त्यांनी तो स्वतःच काढून हातात दिला. मी काही विचारले नाही.

तीन वाजता ते घरी गेले. साडेचारला घराच्या जिन्यात कोसळले व रुग्णालयात नेण्यापूर्वी मरण पावले.

१३ तारखेला प्रॉडक्शन मॅनेजर गुणशेखरन यांनी मला बोलावले. म्हणाले, "जिन्यावरून पडला तो. हसतानाचं फुटेज आहे आपल्याकडे, चांगला ठणठणीत दिसतोय. कट झाल्यावर मशीन चालू कोण ठेवतं, मॅडम? पुसून टाका ते." मी "बघते" म्हटले. पुसलेले नाही. मूळ मेमरी कार्ड सोबत आणले असून ते जमा करत आहे.

सुडलैमुत्तू यांच्या पत्नी शेनबगवल्ली बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांच्याशी मी अजून बोललेले नाही.

लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात "त्यांचे बोलणे मला त्या वेळी ऐकू आले नाही" असे होते. हवालदार म्हणाले, "असू दे ना ताई, तुझ्याच सोयीचं आहे." मी ते खोडून "ऐकू आले" असे करून घेतले व खाडाखोडीवर सही केली. बाकी मी सांगितले तसेच आहे.