चाई आणि आल्याचा रस

त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी साठीकडे झुकलेलं एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या डोक्यावर टोपी होती.

"आत गेल्यावर टोपी काढून केस गेलेला तो चाईचा चट्टा दाखवा. आल्याचं मी सांगते."

"ते कशाला सांगतेस?"

"का नको? दर रविवारी आलं किसून, रस काढून अर्धा तास चोळते. कोंडा गेला, खाज गेली. माझ्या भावाची चाई तर दीड महिन्यात भरली. तुमचीच कशी भरत नाही, ते मला बघायचंय."

"प्रत्येकाचं डोकं वेगळं."

"आलं तेच, हात तेच. टोपी काढा बघू जरा."

"इथे?"

"काढा म्हणते ना. हे काय? ब्लेड लागलंय?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. चाईवर ब्लेड कशाला फिरवलंत?"

"केस यायला लागले होते."

"कधीपासून?"

"तिसऱ्या रविवारपासून. दर शनिवारी काढतो."

"चार महिने आलं किसून माझी बोटं सोलवटली, आणि तुम्ही..."

"केस आले असते तर तू चोळायची थांबली असतीस. मग तुझ्या ऑफिसातलं मला कोण सांगणार? एरवी तुला वेळ कुठे असतो."

"उठा. टोपी घाला."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना काय सांगणार, कपाळ? घरी चला. तुमचं ब्लेड आता माझ्या कपाटात राहील."

"आणि रविवार?"

"रविवारी डोकं धुऊन बसा. त्या नव्या साहेबांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंय."