फिल्ममध्ये असेल तेवढंच

"हॅलो? … हो, चुनीलालच बोलस. बोल रंजना."

मोतीलालशेठच्या कापसाच्या पेढीवर फोन आला, की फोटोवाल्या चुनीलालला स्टुडिओ उघडा टाकून धावावं लागे. सुरतेला दिलेल्या रंजनाचा हा पुन्हा ट्रंककॉल. तिची आई अनुसयाबाई गेली होती. तेराव्याला हार घालायला फोटो हवा, आणि धड असा फोटोच नव्हता. म्हातारा चुनीलाल आता पार वैतागला होता.

"माले माहीत शे… मी काय हात बांधीसन बठेल शे? … अगं, ऐक ना. तुन्हा भाऊना लगीनना ग्रुपफोटो शे, त्यामा माय मागली रांगमा. पुढे सासरा बठेल, म्हणीसन पदर नाकपर्यंत. तोंड तिळाएवढं… हो, करी दखं ना मोठं! जितलं मोठं करू तितलं पसरस. नुसता दाणा-दाणा, बाजरीनं पीठ सांडेल तसं… सुरतवालानं मशीन मोठं शे? व्हई. पण बेटा, आडमा नही तर पोहरामा कोठून येई?

"… पेन्सिल फिरवीसन डोळा काढू? येस काढता. पण तो मन्हा डोळा व्हई. तुन्ही मायना नही."

सकाळी जुन्या फिल्मांचा डबा उपसताना एक चीज सापडली होती. सांगावी की उगाच पोरीला रडवावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

"रंजना, ऐक. तू वरीसभरनी व्हतीस तवाना तुन्हा फोटो… हो, गोल चौकटवाला. तू खुर्चीवर बसत नव्हतीस. माय मागे बठनी, डोकावर काळं कापड लिधं, मागून तुले धरं… सगळ्याच पोरांना तसाच काढूत. मी म्हणनू, कापड नको, तुम्हीबी बसा. तर म्हणे, मन्हा फोटो कशाले? … कागदवर फक्त तुन्हं तोंड घिधं. पण फिल्मवर सगळं शे.

"… नही. तोंड नही, बेटा. हात शेत. तुन्ही कंबरले धरेल. मोठा कॅमेरा, जवळून काढेल. मनगटवरनं गोंदण दिखस, टिपका न टिपका…

"रडू नको… हातले हार? घाल ना. तुन्ही मायनाच हात शेत."

मध्येच ऑपरेटरबाई वेळ संपल्याचं बजावू लागली.

"एक मिनिट, बाई… काय म्हणनी, रंजना? कितला मोठा?" चुनीलालने रिसीव्हर तोंडाशी घट्ट धरला. "तुले पाहिजे तितला. हाऊ फोटो पसरत नही… हॅलो? … रंजना?"

लाइन गेली होती. चुनीलालने फोन ठेवला आणि मोतीलालशेठकडे चहाही न मागता तो स्टुडिओकडे निघाला.