दुसऱ्या खेळाडूची होडी

—आणि आवाज? आवाज आवडले तुम्हाला? नाही, बोलू नका, तोंड उघडंच ठेवा, नळी निसटते. हो असेल तर डावा हात वर करा. दुखलं तरी डावाच. आता वर केलात तो कशाला — हो म्हणून, का दुखतंय म्हणून? हो म्हणून. बरं. आवडणारच. तुमच्या पिशवीवरचं चित्र बघितलं तेव्हाच मी समजले, या बाई त्यातल्याच. तो उंच दिवा, खाली होडी — हल्ली ज्याच्या त्याच्या खांद्यावर तेच. जुना गेम नव्याने काढला म्हणजे काय, जसं काही जग जिंकलं. लोकांची मतं वाचलीत? मी वाचते, दोन पेशंटच्या मधे. एक म्हणतो, समुद्र इतका खरा केलाय की मळमळतं. दुसरा म्हणतो, पूर्वी हिरोचे केस म्हणजे चार चौकोन होते, आता वाऱ्यावर उडतात, पण आमचा तो बावळट पोरगा कुठे गेला. तिसऱ्याला लढाया सोप्या वाटतात, चौथ्याला अवघड. एकाने तर नुसतं लिहिलंय, ‘मी रडलो’. का रडलास बाबा, ते नाही. आणि त्याला हजार लाइक. जीभ जरा आत घ्या.

माझं मत विचाराल तर — तुम्ही कशाला विचारताय, तोंडात माझा हात आहे, पण तरी सांगते — तो दुसऱ्या खेळाडूचा प्रकार घालायला नको होता. बाकी काय वाट्टेल ते करा, समुद्र निळा करा, जांभळा करा. पण मूळ गेम एकट्याचा. एक खलाशाचा पोरगा, त्याचा हरवलेला बाप, नऊ बेटं, प्रत्येक बेटावर विझलेला दिवा. गावोगाव लोकांशी बोलायचं, तलवार मिळवायची, मार खात खात ताकद वाढवायची, दिवा पेटवायचा आणि पुढच्या बेटावर जायचं. त्यात दुसरा आला कुठून? तर म्हणे शेजारी बसलेल्याच्या हातात आता आणखी एक कंट्रोलर द्यायचा आणि त्याने होडी वल्हवायची. होडी. लोकांना हे अजिबात पटलेलं नाही हं. लोकांनी स्पष्ट लिहिलंय की ही आयत्या बिळावरच्या नागोबांची सोय केलीय. लोकांनी म्हणजे — असं काय बघता? एकानेच लिहिलंय. बरं, मीच लिहिलंय. खोट्या नावाने. सात जणांना आवडलं, सात काही कमी नाहीत.

ही खालची दाढ झिजलीय तुमची. झोपेत दात खाता का? ठाऊक नसतंच कुणाला. माझ्याही झिजल्यात हल्ली, नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं. दुसऱ्यांना सांगते, मन शांत ठेवा, आणि घरी जाऊन हे असं. तर काय सांगत होते — तो गेम मी कधी खेळलेच नाही. हसू नका, हालतं. खेळायचा माझा धाकटा भाऊ. तो सहा वर्षांचा, मी दहाची. मामाने आणून दिलेलं मशीन, त्याला कंट्रोलर एकच, आणि तो धाकट्याच्या हातात, कारण धाकटा रडायचा. मी काही रडायचे नाही, म्हणून मला काही मिळायचं नाही — घराघरातला न्याय आहे हा, तुम्ही थोरल्या का धाकट्या? धाकट्या. वाटलंच. पण खरी गंमत पुढे आहे. त्या गेममधे सगळं बोलणं लिहून यायचं, आणि तेही परक्या भाषेत. त्याला आपली बाराखडी धड येत नव्हती, तो काय वाचणार? मला ती भाषा शाळेत नुकती सुरू झालेली. मग आई कामावरून येईपर्यंत आम्ही दोघं जमिनीवर, तो बटणं दाबतोय आणि मी वाचून दाखवतेय. वाचून म्हणजे आवाज काढून. सरपंच आला की घसा खरवडून, चेटकीण आली की नाकातून. प्रत्येक माणसाला वेगळा आवाज. एखादी म्हातारी मी विसरून दुसऱ्याच आवाजात बोलले तर पठ्ठ्या तिथेच थांबायचा — ‘ताई, हा हिचा आवाज नाही.’ पुन्हा बोलून दाखवायला लागायचं.

आणि हा परवा म्हणतो, जगाला सांगतो हं, व्हिडिओ करून — भाऊ माझा दिवसभर लोकांना गाडी शिकवतो आणि संध्याकाळी खेळाचे व्हिडिओ टाकतो, निळ्या भिंतीसमोर बसून — तर नवा गेम आला त्या दिवशी म्हणतो, ‘मित्रांनो, लहानपणी ही सगळी माणसं मुकी होती, आज पहिल्यांदा बोलली.’ मुकी. मी तिथे भिंतीला टेकून बसायचे, घसा बसायचा माझा, आई विचारायची, शाळेत ओरडतेस का गं. मुकी म्हणे. आणि शेजारी कोण बसलंय? भावजय. हातात दुसरा कंट्रोलर. लग्नाला वर्ष नाही झालं, गेममधलं ओ की ठो कळत नाही, होडी सारखी खडकावर आपटतेय, आणि हा हसतोय. लहानपणी मी एकदा नुसता हात ठेवला होता त्याच्या कंट्रोलरवर तर चावला होता मला. बंदच केला तो व्हिडिओ. नंतरचा एकही बघितला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होतो, उगाच कशाला.

हात का वर केलात? दुखतंय? नाही. मग? होडीचं काही म्हणायचंय? सांगा नंतर, हिरडीजवळचं जरा राहिलंय.

होडीचं मीच सांगते. आता कुणाला सांगितलं तरी काय बिघडतं. मला त्या भाषेतलं निम्मं कळायचं नाही. अर्धं काय, पाव कळायचं. पण धाकटा असा तोंडाकडे बघत बसलेला असायचा की कळत नाही म्हणायची लाज वाटायची. मग मी सरळ रचायला लागले. दाणे मागणारा भिकारी माझ्या तोंडी राजाचा हेर झाला. कोंबडी हरवलेली बाई — आता ऐकतेय तर बिचारीची कोंबडीच हरवलीय — तिचा मी नवराच हरवून टाकला होता. आणि होडीवाली. दर बेटाला ती यायची, डोक्यावरून कापड घेतलेली, एक ओळ बोलायची, की समुद्र सुरू. त्या ओळीचा अर्थ मला कधीच लागला नाही. मग मी त्याला सांगितलं, ही त्या पोराची थोरली बहीण आहे. बापाला शोधायला आधी हीच निघाली होती. आता तिला शाप आहे, ओळख सांगितली की होडी बुडणार. म्हणून ती गप्प राहून त्याला पोचवते, आणि तो दिवे लावून मोठा होत जातो, आणि त्याला पत्ताच नाही कोण वल्हवतंय ते. मला कंट्रोलर मिळत नव्हता ना, मग मी होडी घेतली. सरळ आहे. प्रत्येक वेळी ती त्याच्याशी थोडं थोडं वेगळं बोलायची. कधी म्हणायची, जेवलास का. एकदा मला ताप होता तर ती बोललीच नाही, तर हा सारखा विचारत राहिला, तिला काय झालं, तिला काय झालं.

आणि शेवटच्या बेटावर आम्ही गेलोच नाही. आठव्या बंदरापाशी यायचा, आणि थांबायचा. म्हणायचा, सगळे दिवे लागले की तिची होडी कुणाला लागणार, मग ती एकटी काय करेल. मी म्हटलं, अरे गेम आहे. नाही म्हणजे नाही. ‘आपण मोठे झालो की जाऊ, ताई. दोघं.’ मग मशीन बिघडलं, नंतर तो गेम कुठे मिळतच नव्हता, आणि आम्ही झालो मोठे. दर वेळी भांडण झालं की तो ते काढायचा, ‘शेवटचं बेट बाकी आहे हं’ — की संपलं भांडण. मी दवाखाना काढला तेव्हाही तेच बोलला. आणि आता बघा. आता समुद्रावर वल्ही मारतेय कोण, तर भावजय. आतापर्यंत नववा दिवा लावलाही असेल दोघांनी, पावलापावलाला एकमेकांना टाळ्या देत.

पण त्याचंही एवढं नाही. खरं सांगू? आता सगळे आपल्या भाषेत बोलतात. म्हणजे त्याने ऐकलं असणार. ती होडीवाली काय बोलते हो, तुम्ही तर खेळलात — ‘वारा बरा आहे. कुठे जायचं?’ बस. मीही जाहिरातीत ऐकलं, छान गोड आवाज, कुणाही पोरीचा. वारा बरा आहे, कुठे जायचं. ती कुणाची बहीण नाही, शाप नाही, काही नाही, भाडोत्री होडी आहे. आणि शेजारी बायको बसलेली. हसले असतील ना दोघं — ‘माझ्या ताईने काय काय थापा मारल्या होत्या बघ.’ त्याने एकट्याने हसावं, माझी हरकत नाही, माझाच आहे. तिने नाही हसायचं. तेव्हापासून त्याचे फोन येतायत, दिवसातून दोनदा, तीनदा. मी उचलत नाही. कामात आहे म्हणून कळवते. चिडवायलाच करत असणार. आता सकाळपासून खणात दोनदा वाजून झाला.

झालं. झालं, बाई, किती हात हलवताय. घ्या पाणी, खळखळून चूळ भरा, थोडं रक्त येईल, घाबरू नका. हां. आता बोला काय ते.

कोण? — निळ्या भिंतीवाला? हो, गाडी शिकवणारा. हो, माझाच, सांगितलं ना मघाशी. मग? — नाही, मी नाही बघितलं काही, म्हटलं ना, बंद केलंय. तुम्ही काय बघितलं? — हळू, गाल बधिर आहे तुमचा, सावकाश सांगा.

त्याची टर उडवतायत? का?

काय म्हणाला तो? — की नव्या गेममधे फसवलंय. की होडीवालीची गोष्टच कापली. की ती बहीण होती, जुन्यात होती, आता काढून टाकली. असं म्हणाला? सगळ्यांसमोर? — आणि लोक म्हणतायत, अशी गोष्ट नव्हतीच कधी. नव्हतीच ना. जुन्या गेमचे फोटो टाकतायत खाली, ओळ न् ओळ. म्हणजे तरीही ऐकत नाही गाढव. सहा वर्षांचा होता तेव्हाही असाच. पुढे? — ‘माझ्या ताईने वाचून दाखवलंय. ती वाचायला चुकायची नाही.’ … असं म्हणाला?

थांबा, बसते जरा. तुम्ही बसा, तुमची खुर्ची आहे ती, मला हे स्टूल पुरे.

आणि कुठे पोचलेत? शेवटच्या बेटावर? — नाही? — आठव्या बंदराला. तिथेच उभा आहे, किती दिवस? आणि पुढे जात नाही. ताई आल्याशिवाय जाणार नाही म्हणाला. लोक शिव्या घालतायत की पुढे जा, आणि हा बसलाय. फोन त्यासाठी होते म्हणजे. आणि ती? भावजयीने समजावलं असेल ना, सोडून दे, लोक हसतात — नाही? तिने काय केलं? कंट्रोलर खाली ठेवला? ‘होडी ताईंची आहे, मी नुसती धरून बसले होते.’ … हं. असं काही बोलायची गरज नव्हती तिला. उगाच गोड गोड. हसली असती तर मला बरं पडलं असतं.

वाजतोय. नाही, तोच आहे. ऐका, दोन तास काही खाऊ नका, गरम तर अजिबात नाही, आणि झिजलेल्या दाढेचं बघू पुढच्या वेळी. पैसे बाहेर द्या. पिशवी विसरू नका.

हं, बोल रे. — नाही, कामात नव्हते. — ऐकलं मी. — हो, खरंय तुझं. बहीणच होती ती. शापाचंही होतं, सगळं होतं, मी स्वतः वाचलंय, त्यांनीच काढून टाकलं असणार, त्यांना कुणाला ती भाषा धड येते. — येते ना. आज दवाखाना बंद करून येते. आणि तिला म्हणावं, वल्ही धरून बस, मला कुठे ते बटण दाबता येतं. — हो. हो, होडीवालीच्याच आवाजात.

एक मिनिट थांब हं, पेशंट आहे. — बाई, तुम्ही अजून दारातच? तुम्ही इथे काही ऐकलेलं नाही. तिकडे जाऊन एक अक्षरही लिहायचं नाही. निघा आता.