ई वरची तिरकी रेघ

...नाही पण मी म्हणते, मागितलं काय होतं मी? सोनं नाही, नाणं नाही, एका ई वर एक तिरकी रेघ! आणि त्या कॉम्प्युटरने मला, टायपिंग क्लासवाल्या कुमुदला, डोळे मिटून टाइप करणाऱ्या बाईला, रडकुंडीला आणलं हो. तुम्हाला सांगते, उरण-पनवेलातले निम्मे क्लार्क माझ्या हाताखालून गेलेत, न्हावा शेव्याच्या बंदरात कागद खडखडवतात ना, ती बोटं मी वळवलेली.

तर नातीचं नाव लेआ. माझी नीता फ्रान्समध्ये, जावई तिकडचाच, मग नावही तिकडचंच असणार, मी कशाला बोलू... मी आपली तिला लीला म्हणते. पण लिहायचं कसं? एल, ई, ए, आणि मधल्या ई वर रेघ. वाढदिवसाचा मेल करायचा होता. टाइपरायटरच्या मशीनवर आम्ही काय करायचो, ई मारायचा, बॅकस्पेस, कॅरेज एक घर मागे, त्याच ई च्या डोक्यावर अपॉस्ट्रॉफी, खट्ट, झाली रेघ. इथे बॅकस्पेस मारला की ई च गायब! पुन्हा ई, पुन्हा बॅकस्पेस, पुन्हा गायब. अख्खी दुपार मी टाइप करतेय आणि पान कोरं. मशीनवरचा बॅकस्पेस नुसता मागे सरकायचा हो, जिवावर नव्हता उठत.

नीताला फोन केला. "आई, ऑल्ट दाबून धर आणि उजवीकडच्या आकड्यांवर शून्य दोन तीन तीन." उजवीकडे? उजवीकडे पाण्याची बाटली आहे गं. "अगं, की-बोर्डवर!" लॅपटॉपला तिथे आकडेच नाहीत. वरच्या ओळीतले दाबले, तर ढिम्म.

मग खाली मितेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्याच्या कॉम्प्युटरवर रेघ उमटली, मेल गेला, आणि तिकडे पोचलं काय? ए वर नागमोडी, शेजारी कॉपीराइटचं चिन्ह! माझ्या नातीवर कॉपीराइट कुणी घेतला? नीता म्हणते, "आई, त्या एका अक्षराचे आत दोन आकडे जातात. तिकडून एका पद्धतीने निघतात, इकडे भलत्याच पद्धतीने वाचले की एकाची दोन अक्षरं दिसतात." म्हटलं, बाई, मायलेकींचं असंच असतं, मी एक बोलते, तुला दोन ऐकू येतात. हसली. किती दिवसांनी हसली.

कारण तुम्हाला सांगते, एरवी तिचा फोन रविवारी, तोही "आई, ठेवते हं, पास्ता उकळतोय." हे गेल्यापासून नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये मी एकटी, कुकरच्या शिट्टीशी बोलायची पाळी. आणि आता रोज फोन! आज काय झालं, कुठलं बटण दाबलंस, काय दिसतंय... कशासाठी? एका ई वरच्या तिरक्या रेघेसाठी.

शेवटी वैतागून म्हणाली, "थांब, मीच येते तुझ्या लॅपटॉपमध्ये." कसलासा नंबर विचारला, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. हे उघड, ते बंद कर, लहानपणी माझ्या कपाटात उचकापाचक करायची ना, अगदी तश्शी. लेक घरी आली असं वाटलं हो.

"झालं, आई. आता आधी अपॉस्ट्रॉफी, मग ई." म्हणजे आधी टोपी घालायची आणि मग डोकं आणायचं, पण आली बरं का रेघ. "आता तुला माझी गरजच नाही," म्हणाली. केवढ्या आनंदाने म्हणाली.

पानभर लेआ, लेआ, लेआ टाइप करून पाठवलं. उत्तर आलं, एक अंगठा. मग फोन नाही. रविवारी पास्ता.

मग काय करणार? बाण कुठून कुठे फिरला ते मी बघून ठेवलं होतं, टायपिस्टची नजर आहे. त्याच वाटेने गेले आणि तिने बसवलेलं सगळं काढून टाकलं. आणि लावला फोन, नीता, अगं, ती तिरकी रेघ पुन्हा येईनाशी झाली गं...

"आई, लॅपटॉपचं सोडच. मोबाइलवर ई नुसता दाबून धर, येते रेघ. चल, ठेवते."

दाबून धरला. आली की मेली लगेच! आता हा मोबाइल कसा बिघडवायचा, कुणाला ठाऊक... नीतालाच फोन करून विचारावं म्हणते.